पाऱ्याचा म्हणून घेतला, आत पाराच नव्हता

रेडिंगजवळच्या एका गावात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे मी ४८० पौंड मोजून ‘१८२० च्या आसपासचा, पाऱ्याचा’ इंग्लिश बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब दाखवणारं यंत्र, घेतला. बॅन्जोच्या आकाराची महॉगनीची पेटी, तिच्यात जडवलेले शिंपले, वर दमटपणा दाखवणारी छोटी तबकडी, खाली थर्मामीटर, मग चांदीचा मुलामा दिलेली आठ इंची पितळी तबकडी. तळाला स्पिरिट लेव्हलवर (यंत्र सरळ टांगलंय का ते दाखवणाऱ्या बुडबुड्याच्या नळीवर) एक इटालियन नाव कोरलेलं. त्या नावाने मी जास्तच निर्धास्त झालो. कोमो सरोवराकडून आलेल्या कारागिरांनी त्या काळी लंडनच्या हॅटन गार्डन, क्लार्कनवेल भागात हाच धंदा मांडला होता, एवढं वाचून गेलो होतो ना!

विक्रेत्याने तो ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीच्या डिकीत सपाट आडवा ठेवला. मी वर त्याचे आभार मानले.

उन्हाळ्यात बाबा आले. सगळी नोकरी पुण्याच्या वेधशाळेत केलेला माणूस. भिंतीकडे बघून पहिला प्रश्न, “आणलास कसा?”

“डिकीत. आडवा.”

“आणि तरी चालतोय?” म्हणत त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागितला.

अशा बॅरोमीटरच्या पाठीत काचेची लांब नळी असते, खाली इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली. आखूड बाजूचं तोंड उघडं. तिथल्या पाऱ्यावर काचेचं छोटं वजन तरंगतं, त्याला रेशमी दोरा, दोरा कप्पीवरून दुसऱ्या हलक्या वजनाला. पारा हलला की कप्पी फिरते आणि काटाही. असं यंत्र आडवं केलं तर पारा सांडतो किंवा नळीत हवा शिरते. ते तिरकं धरूनच न्यावं लागतं.

आमच्या पेटीत नळीसाठी कोरलेली खाच होती, नळीच्या आकाराचा फिकट पट्टाही लाकडावर उमटलेला होता. नळी नव्हती. तबकडीमागे पत्र्याची डबी बसवलेली: ॲनेरॉइड, म्हणजे पाऱ्याशिवाय दाब मोजणारं यंत्र, आणि तेही डोक्यावर फुली असलेल्या चार स्क्रूंनी. ॲनेरॉइडचं पेटंट लुसियाँ व्हिदीने घेतलं १८४४ साली. फुलीचे स्क्रू तर विसाव्या शतकातले.

खूण बाहेरही होती, मीच पाहिली नाही. अस्सल यंत्रात तबकडीखालची गुंडी फिरवली की खुणेचा पितळी काटा (आधीचा दाब लक्षात राहावा म्हणून हाताने लावायचा) सरकतो. माझी गुंडी नुसतीच फिरायची. “वय झालंय हो तिचं,” विक्रेता म्हणाला होता. खुणेचा काटा फिरवायला काचेच्या मधोमध भोक पाडून वेगळी मूठ बसवली होती, आणि मला ती सोय वाटली!

पावती काढली. तीवर एवढंच: ‘बॅरोमीटर, जुना’. साल नाही, पाऱ्याचा उल्लेख नाही. फोनवर विक्रेता म्हणाला, पेटी जुनीच आहे की. ते खरंही आहे. पैसे देण्याआधी मागचं दार उघडायला लावलं असतं आणि ‘पाऱ्याचं मूळ यंत्र’ हे शब्द पावतीवर लिहून घेतले असते, तर भांडायला जागा राहिली असती.

“पुण्याला नेऊ म्हणशील तर तिथेही उपयोग नाही,” बाबा म्हणाले. तबकडी पाऱ्याच्या २८ ते ३१ इंच दाबाची, कमी दाबाच्या टोकाला ‘वादळ’; आणि पुण्याच्या उंचीवर हवेचा दाबच कमी, त्यामुळे काटा बाराही महिने वादळाकडेच झुकलेला राहणार.

एक मित्र म्हणतो, विकून टाक. विचारून पाहिलं. ‘पेटी जुनी, यंत्र बदललेलं’ असं खरं सांगितल्यावर सगळ्यात जास्त आकडा ऐकला तो ९० पौंडांचा.