मधुमेहात रक्तवाहिन्यांसाठी ई जीवनसत्त्व की क जीवनसत्त्व?

औषधाच्या दुकानात सहज मिळणारी 400 एककांची ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल घ्यावी की 500 मिलिग्रॅमची चघळायची क जीवनसत्त्वाची गोळी, हा प्रश्न अनेक मधुमेहींना पडतो. त्यामागचा तर्क चुकीचा नाही. साखर सतत वाढलेली राहिली की सुपरऑक्साइडसारखे उपद्रवी रेणू रक्तवाहिनीच्या अस्तरातील, वाहिनी सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड निकामी करतात आणि वाहिनी गरजेनुसार सैलावत नाही. हे रेणू शमवणारे जीवनसत्त्व घेतले की बिघाड थांबेल, असे वाटणे स्वाभाविक आहे.

ई जीवनसत्त्वाची परीक्षा कसून झाली आहे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीतील साडेनऊ हजारांवर रुग्णांत साडेतीन हजारांहून अधिक मधुमेही होते. सुमारे साडेचार वर्षे रोज 400 एकके घेऊनही त्यांचे हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत. त्याच चाचणीतील रामिप्रिल या रक्तदाबाच्या औषधाने मात्र मधुमेहींमधील हा धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटवला. तेच रुग्ण, तीच वर्षे. याहून स्वच्छ तुलना मला माहीत नाही. पाठपुरावा लांबवल्यावर तर ई घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण अधिक दिसले.

क जीवनसत्त्वाची सुरुवात आशादायक होती. 1996 साली टाइप 2 मधुमेहींच्या धमनीत ते थेट सोडले असता वाहिनी अधिक चांगली रुंदावली. परंतु गोळीतून आलेले जादा क शरीर लघवीवाटे टाकून देते, त्यामुळे तेवढी पातळी गोळीने गाठता येत नाही. 2002 च्या ब्रिटनमधील ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त 20,536 जणांपैकी निम्म्यांना ई, क आणि बीटा कॅरोटीन (शरीरात अ जीवनसत्त्व बनणारा घटक) एकत्र पाच वर्षे दिले, तरी फरक पडला नाही, तेथेही फायदा दिला तो सिमव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या औषधाने. शिवाय रोज 500 मिलिग्रॅमहून अधिक क घेतल्यास त्वचेवर लावायचे काही ग्लुकोज सेन्सर साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात, आणि त्या आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरवणे धोक्याचे आहे.

म्हणून रक्तवाहिन्यांसाठी या दोन्हींवर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो पैसा एचबीए1सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी) तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या रक्तदाबाच्या व कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांसाठी ठेवावा. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी ई जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये, आणि धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनच्या गोळ्या टाळाव्यात. क जीवनसत्त्वाची रोजची गरज एका ताज्या आवळ्याने किंवा पेरूने सहज भागते. मोरावळा मात्र साखरेत मुरलेला असल्याने मधुमेहींच्या उपयोगाचा नाही.