कोडइग्नायटर ४ मध्ये कंट्रोलरचे फोल्डरात फोल्डर: वापरून झाल्यावरचं मत

आमच्याकडे कोडइग्नायटर (पीएचपी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) ३ वरचं एक जुनं ॲप आहे, आणि त्याच्या कंट्रोलर्स (येणारी रिक्वेस्ट हाताळणारे क्लास) फोल्डरमध्ये साठ-पासष्ट फायली सलग एकाखाली एक पडलेल्या होत्या. नावांचं तर विचारूच नका, रिपोर्ट, रिपोर्ट_न्यू, रिपोर्ट_न्यू२, आणि यातली चालू कुठली तर पहिलीच. ते सगळं आता ४ वर नेतोय, त्या निमित्ताने सबफोल्डरमध्ये कंट्रोलर लावायची सोय दोन्ही व्हर्जनमध्ये रगडून वापरून झालीये म्हणून हा रिव्ह्यू. अख्ख्या फ्रेमवर्कचा नाही हां, एवढ्या एकाच गोष्टीचा. पाचपैकी चार स्टार.

आधी ३ बद्दल बोलू, कारण अजून ढिगाने लोक त्याच्यावरच आहेत. २ मध्ये फक्त एकच लेव्हल चालायची, त्याच्या खाली जायचं तर लोक कुठूनतरी माय_राउटर नावाची (युआरएलवरून कंट्रोलर शोधणारा राउटर बदलणारी) फाईल उचलून आणायचे आणि कोअर फोल्डरमध्ये टाकून देवाचं नाव घ्यायचे. २०१५ ला ३ आलं आणि ती भानगड संपली, ॲडमिन फोल्डर, त्यात रिपोर्ट्स फोल्डर, त्यात सेल्सची फाईल, की लगेच ॲडमिन/रिपोर्ट्स/सेल्स ही युआरएल चालू. राउटची (कुठली युआरएल कुठल्या कंट्रोलरकडे जाते ते सांगणारी) एक ओळसुद्धा लिहायची नाही. सुरुवातीला एकदम भारी वाटतं.

पण एक गोम आहे. ॲडमिनच्या आत रिपोर्ट्स नावाचा फोल्डर पण आहे आणि त्याच्या शेजारीच रिपोर्ट्स.पीएचपी ही फाईल पण आहे, तर राउटर आधी फाईल बघतो, ती सापडली की फोल्डरकडे ढुंकूनही बघत नाही, आणि सेल्स हे त्या फाईलमधल्या मेथडचं नाव समजून शोधत बसतो. मेथड नाही, मग ४०४. मी अर्धा दिवस एचटीॲक्सेस (वेब सर्व्हरच्या सेटिंगची फाईल) चाळत बसलो होतो राव, आणि कारण काय तर जुनी रिपोर्ट्स.पीएचपी मीच डिलीट करायची विसरलेलो. दुसरं म्हणजे नुसतं ॲडमिन/ टाकल्यावर पान उघडायला हवं असेल तर राउट्सच्या फाईलमध्ये डिफॉल्ट कंट्रोलरचं जे नाव दिलंय त्याच नावाची फाईल त्या फोल्डरमध्ये पण लागते, म्हणजे वेलकम असेल तर प्रत्येक फोल्डरमध्ये एकेक वेलकम. आमच्याकडे सात होत्या. एडिटरमध्ये सात टॅब उघडे आणि सातही वेलकम.पीएचपी, कुठल्या टॅबमध्ये काय टाईप करतोय ते देवालाच माहीत.

४ मध्ये (हे २०२० चं) गणितच बदललंय. इथे नेमस्पेस (क्लासच्या नावाआधी लागणारा पत्ता) आली, म्हणजे फोल्डर हा आता क्लासच्या नावाचाच भाग झाला. ॲडमिन फोल्डरमधल्या युझर्स क्लासचं पूर्ण नाव ॲप\कंट्रोलर्स\ॲडमिन\युझर्स. आणि ३ वरून येणारा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी जिथे आपटतो ती जागा पण हीच, चांगली चाललेली फाईल उचलून सबफोल्डरमध्ये टाकायची, वरची नेमस्पेस पण नीट बदलायची आणि तरी एरर, ॲप\कंट्रोलर्स\ॲडमिन\बेसकंट्रोलर सापडत नाही म्हणून. अरे पण बेसकंट्रोलर (बाकीचे कंट्रोलर ज्याच्यावर उभे असतात तो क्लास) तिथे आहेच कुठे, तो वरच्या फोल्डरमध्ये आहे! पीएचपी त्याला आताच्या नेमस्पेसमध्ये शोधतं, म्हणून वर यूज करून त्याचं पूर्ण नाव द्यायचं, एक ओळ, विषय संपला. फाईल हाताने न बनवता स्पार्कच्या (कोडइग्नायटरचं कमांड लाईन टूल) मेक:कंट्रोलर कमांडला ॲडमिन/युझर्स असं नाव दिलं तर फोल्डर, नेमस्पेस आणि ती यूजची ओळ सगळं आपोआप येतं. मला हे कळलं तेव्हा मी पंधरा-वीस फायली हाताने करून बसलो होतो, असो.

कॅपिटल-स्मॉलचं दुखणं मात्र जुनंच आहे आणि त्यात फ्रेमवर्कचा काही दोष नाही. विंडोजवर फोल्डर स्मॉल ए ने आणि नेमस्पेस कॅपिटल ए ने असली तरी चालून जातं, लिनक्स सर्व्हरवर गेलं की क्लास नॉट फाउंड. त्यात फोल्डरचं फक्त अक्षर कॅपिटल केलं तर विंडोजवर गिटला (कोडमधले बदल नोंदवणारं टूल) बऱ्याचदा बदल झालाय हेच कळत नाही, मग गिट एमव्हीने आधी भलतंच नाव द्यायचं आणि मग पाहिजे ते, अशा दोन उड्या माराव्या लागतात.

आता मला खरंच आवडलं ते सांगतो. ४.२ पासून ऑटो राउटिंग (फोल्डर-फाईलच्या नावावरून युआरएल आपोआप चालणं) बाय डिफॉल्ट बंद असतं, राउट आपण लिहायचे. पहिल्यांदा वैताग आला, एवढ्या ओळी कोण लिहिणार म्हणून. पण त्याचमुळे फोल्डर आणि युआरएल यांची गाठ सुटते आणि मग फोल्डर कोडच्या सोयीने लावता येतात, बाहेरच्या लिंक हलत नाहीत. आम्ही बिलिंगचे कंट्रोलर दोनदा इकडून तिकडे नेले, एक लिंक तुटली नाही. ३ मध्ये हेच केलं असतं तर लोकांचे बुकमार्क गेले असते. ऑटो राउटिंग हवंच असेल तर नवीन प्रकारचं घ्या, त्यात मेथडची नावं गेटइंडेक्स, पोस्टसेव्ह अशी लागतात, दिसायला विचित्र पण कुठली मेथड गेटची (पान मागणारी रिक्वेस्ट) आणि कुठली पोस्टची (माहिती पाठवणारी) हे नावातच कळतं. जुना लेगसी प्रकार नव्या कामात नकोच.

कापलेला स्टार ग्रुपच्या नावावर. ॲडमिनच्या राउट्सचा ग्रुप केला, त्याला लॉगिनचा फिल्टर (कंट्रोलरच्या आधी चालणारी तपासणी) लावला, आत रिपोर्ट्सचा दुसरा ग्रुप, आणि त्याला स्वतःची नेमस्पेस दिली. आता माणसाला वाटणार की बाहेरचा फिल्टर आत पण लागतोय. ४.५ च्या आधी तसं नव्हतं, आतल्या ग्रुपला स्वतःचे ऑप्शन दिले की बाहेरचे गेले, आणि एरर वगैरे काही नाही, पान मस्त उघडतं, फक्त लॉगिन न करताच. आमचं टेस्टिंगमध्येच सापडलं म्हणून वाचलो. ४.५ ला हे सुधारलंय, पण अजून जुन्या ४ वर असाल तर हातातलं काम सोडून स्पार्कची राउट्स कमांड चालवा, ४.२ पासून प्रत्येक राउटसमोर कुठला फिल्टर लागतोय ते टेबलमध्ये दिसतं, तो कॉलम वरपासून खालपर्यंत वाचा. मी आता दर रिलीजच्या आधी वाचतो.

किती खोल जायचं म्हणाल तर आम्ही दोन लेव्हलवर थांबलो. एकाने चार लेव्हल केल्या होत्या, एका फोल्डरमध्ये एकच फोल्डर, त्यात परत एकच, आणि शेवटी एक फाईल. त्या सपाट केल्या. साठ-पासष्टच्या आता सहा फोल्डर झालेत, त्यातला एक 'इतर' नावाचा आहे, त्यात सध्या नऊ फायली आहेत आणि दर आठवड्याला कोणीतरी दहावी टाकायला येतं.