स्क्वेअर, ओपन की क्लोज्ड? गोल्फमध्ये पायांची रेष कुठे ठेवावी

चेंडू सारखा उजवीकडे जात असेल तर पाय थोडे डावीकडे वळवा, असा सल्ला रेंजवर (सरावाच्या मैदानावर) शेजारचा कुणीही देतो. बहुतेकांच्या बाबतीत तो दुखणं वाढवतो. पाय चेंडू पाठवत नाहीत. चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबफेसच्या, म्हणजे क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाच्या, दिशेनं. क्लब चेंडूकडे कोणत्या वाटेनं येईल, एवढ्यापुरताच पायांचा संबंध, आणि तोही खांदे पायांबरोबर वळले तर. स्क्वेअर (पाय लक्ष्यरेषेला समांतर), ओपन (डावीकडे वळलेले) आणि क्लोज्ड (उजवीकडे वळलेले) या तिन्ही स्टान्सची, म्हणजे उभं राहण्याच्या पद्धतींची, तुलना हे धरूनच करायला हवी. पुढचं सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी आहे; डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट वाचावं.

आधी फेस आणि पाथ

चेंडू कोणत्या दिशेला सुटतो, यात फेसचा वाटा आयर्नला (मधल्या अंतराच्या क्लबला) साधारण ७५ टक्के आणि ड्रायव्हरला (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबला) ८५ टक्के असतो. उरलेला वाटा पाथचा, म्हणजे आघाताच्या क्षणी क्लबहेड ज्या दिशेनं जात असतं तिचा. चेंडू हवेत किती वळेल हे फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकावर ठरतं. फेस पाथच्या उजवीकडे असेल तर चेंडू उजवीकडे वळतो, डावीकडे असेल तर डावीकडे.

फेड, म्हणजे उजवीकडे सौम्य वळणारा फटका, मारण्याची जुनी शिकवण अशी होती: चेंडू जिकडे सुटावा तिकडे पाय, जिथे पडावा तिकडे फेस. आयर्न घेऊन हे करून पाहा. पाथ ४ अंश डावीकडे आणि फेस थेट झेंड्यावर असेल तर चेंडू जेमतेम १ अंश डावीकडे सुटतो आणि वळून झेंड्याच्या बराच उजवीकडे पडतो. तोच पाथ ठेवून फेस २ अंश डावीकडे ठेवला, तर चेंडू अडीच अंश डावीकडे सुटून झेंड्याकडे परततो. म्हणजे फेस पाथ आणि लक्ष्य यांच्या मधे हवा. ड्रॉसाठीही (डावीकडे सौम्य वळणाऱ्या फटक्यासाठीही) हेच, फक्त आरशातल्यासारखं उलट.

स्क्वेअर

पाय, गुडघे, कंबर, खांदे आणि हातांचे पुढचे भाग लक्ष्यरेषेला समांतर. रेल्वेच्या दोन रुळांची उपमा सगळे देतात: बाहेरच्या रुळावर चेंडू, आतल्यावर पाय. यामुळे पायांची रेष झेंड्यावर रोखली की मोठा गुन्हा घडला असं नवख्यांना वाटतं. हिशेब मात्र वेगळंच सांगतो. पाय आणि चेंडू यांच्यात पाऊण यार्ड अंतर धरलं तर १५० यार्डांवर या चुकीचा कोन ०.३ अंशही होत नाही. ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) काठावरून ५ यार्डांची चिप, म्हणजे छोटा फटका, मारताना पाय आणि चेंडू यांतलं अंतर कमी असतं, तरी अर्ध्या यार्डाला तोच कोन पावणेसहा अंशांच्या आसपास जातो. म्हणून रुळांची काळजी छोट्या फटक्यात जास्त घ्यावी, आणि लांब फटक्यात खऱ्या चुका शोधाव्यात. त्या ५ ते १० अंशांच्या असतात. १५० यार्डांवर ५ अंश म्हणजे १३ यार्ड, ग्रीन सोडून बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जायला पुरेसे.

स्क्वेअरचा खरा फायदा असा की चूक वाचता येते. पाय सरळ आहेत हे ठाऊक असेल तर चेंडू कुठे सुटला आणि कुठे वळला यावरून फेस आणि पाथ यांचा अंदाज लगेच बांधता येतो. शिकणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

ओपन

डावा पाय रेषेच्या थोडा मागे. पायांमध्ये ४५ सेंटिमीटर अंतर असेल आणि डावा पाय ३ सेंटिमीटर मागे घेतला, तर रेष सुमारे ४ अंश ओपन होते. ५ सेंटिमीटरला ६ अंशांच्या वर. डोळ्यांना नगण्य वाटणारा फरक पाथला पुरेसा ठरू शकतो.

बॅकस्विंगमध्ये कंबर कमी वळते, पुढे येताना मात्र डावी बाजू मोकळी होते. ज्यांची कंबर ताठ आहे, किंवा फटका मारताना छाती लक्ष्याकडे वळतच नाही, त्यांना हा स्टान्स आराम देतो. पाथ बाहेरून आत झुकतो, फेस त्यापेक्षा कमी डावीकडे राहतो आणि लॉफ्ट (फेसचा वरच्या बाजूचा कल) वाढतो. म्हणून चेंडू उंच जातो, वळतो उजवीकडे आणि पडल्यावर लवकर थांबतो.

इथे एक बारकावा सहसा निसटतो. चेंडू जागेवर ठेवून फक्त डावा पाय मागे घेतला, तर पायांच्या नव्या रेषेच्या मानानं चेंडू मागे, उजव्या पायाकडे सरकतो. मागच्या चेंडूवर क्लब चापात लवकर आदळतो, तेव्हा तो अजून आतून बाहेर जात असतो. म्हणजे पायांनी केलेलं काम चेंडूच्या जागेनं अर्धं पुसलं. फेड हवा असेल तर स्टान्स ओपन करताना चेंडूही अर्धा ते एक चेंडूभर पुढे न्यावा.

स्लाइस (उजवीकडे जोरात वळणारा फटका) मारणाऱ्यांनी ओपनपासून दूर राहावं. चेंडू उजवीकडे जातो म्हणून ते डावीकडे वळतात, त्यानं पाथ आणखी डावीकडे जातो, फेस आणि पाथ यांतलं अंतर वाढतं आणि चेंडू आणखी जोरात उजवीकडे वळतो. पुढच्या वेळी ते आणखी डावीकडे वळतात.

क्लोज्ड

उजवा पाय मागे. बॅकस्विंगमध्ये कंबर आणि खांदे सैल वळतात, क्लब आतून यायला जागा मिळते. ड्रॉ मिळतो, चेंडू खालून जातो आणि जास्त घरंगळतो. स्लाइसवाल्यासाठी काही आठवडे हा सराव म्हणून उपयोगी आहे.

धोका पुढच्या अर्ध्या स्विंगमध्ये. डावी कंबर वाटेत उभी राहते. मग एक तर हात पुढे सुटत नाहीत आणि चेंडू सरळ उजवीकडे जातो, किंवा मनगटं अडथळा ओलांडायला झटकन फिरतात आणि हुक (डावीकडे जोरात वळणारा फटका) लागतो. एकाच दिवशी दोन्ही दिसत असतील तर पाय जास्त क्लोज्ड आहेत असं समजावं. इथे चेंडू नव्या रेषेच्या मानानं पुढे जातो, म्हणून ड्रॉसाठी तो किंचित मागे घ्यावा.

आणखी एक प्रकार फसवा असतो. खेळाडू नकळत उजवीकडे रोखून उभा राहतो. कारण डावा खांदाच झेंड्याकडे दाखवला की नेम बरोबर धरल्यासारखं वाटतं. खाली येताना मेंदूला चूक कळते आणि हात वरून क्लब डावीकडे ओढतात. पाहणाऱ्याला वरून येणारा स्विंग दिसतो आणि तो स्विंगवर उपचार करतो. उपचार पायांना हवा असतो.

पाय एक, खांदे दुसरे

पाय ओपन आणि खांदे स्क्वेअर, हा मेळ चिपिंगमध्ये मुद्दाम केला जातो आणि तो चांगला चालतो. लांब फटक्यात तो चुकून झाला तर पाथचा अंदाज चुकतो, कारण क्लब हातांना आणि हात खांद्यांना बांधलेले असतात. अमेरिकेचे ली ट्रेव्हिनो फार ओपन उभे राहत, पण क्लब पायांच्या रेषेवरून न नेता लक्ष्यरेषेच्या जवळून नेत आणि चेंडू फेड करत. त्यांनी ६ मेजर, म्हणजे गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकल्या. दक्षिण आफ्रिकेचे बॉबी लॉक याच्या अगदी उलट: क्लोज्ड, खूप उजवीकडे रोखलेले, प्रत्येक चेंडू डावीकडे वळवणारे. १९४९, १९५०, १९५२ आणि १९५७ या चार वर्षी ब्रिटिश ओपन त्यांचीच. दोघांचेही स्टान्स पुस्तकी नव्हते. फेस मात्र दर वेळी एकाच जागी येत असे.

क्लब बदलला की उत्तर बदलतं

आयर्न आणि वेज (छोट्या, उंच फटक्यांचा क्लब) चेंडूवर खाली येताना लागतात, आणि खाली येणारा क्लब थोडा उजवीकडेही जात असतो. ६४ अंशांच्या स्विंग प्लेनवर (क्लब ज्या तिरक्या पातळीत फिरतो तिच्यावर) वेज ५ अंश खाली येत असेल तर पाथ स्विंगच्या दिशेपेक्षा सुमारे अडीच अंश उजवीकडे असतो. ड्रायव्हर वर जाताना लागला की उलट. ४५ अंशांच्या प्लेनवर दर १ अंश वरच्या आघाताला पाथ जवळजवळ १ अंश डावीकडे सरकतो. म्हणून सरळ चेंडूसाठी वेजला किंचित ओपन आणि वर मारलेल्या ड्रायव्हरला किंचित क्लोज्ड हे भूमितीतूनच येतं. अमेरिकन खेळाडू बेन होगन लांब क्लबला किंचित क्लोज्ड आणि छोट्या क्लबला किंचित ओपन उभं राहायला सांगत, तेही याच्याशी जुळतं.

वेजनं मोठा ड्रॉ मारण्याच्या भानगडीत पडू नये. लॉफ्ट जास्त असल्यानं फेस-पाथमधल्या तेवढ्याच फरकाला चेंडू ड्रायव्हरच्या मानानं फार कमी वळतो. क्लोज्ड पायांनी हाती लागतो तो बहुधा पुश, म्हणजे सरळ उजवीकडे जाणारा फटका.

मग निवडायचं काय?

वर्षभराहून कमी खेळला असाल, किंवा चुका दोन्ही दिशांना जात असतील, तर ७ आयर्नपर्यंत सगळं स्क्वेअर. चूक नेहमी एकाच दिशेला जात असेल आणि वळण सौम्य असेल, तर तोच फटका ठेवून पाय ३ ते ४ अंश हलवणं स्विंग मोडण्यापेक्षा शहाणपणाचं. स्लाइस असेल तर क्लोज्ड, पण आधी ग्रिप आणि फेस तपासून. फेस उघडाच राहिला तर क्लोज्ड स्टान्समुळे चेंडू आणखी उजवीकडे सुटतो. कंबर दुखत असेल तर थोडं ओपन, चेंडू जरा पुढे.

तपासणी अशी. चेंडूच्या मागे उभं राहून रेषेवर चेंडूपुढे २-३ फुटांवर गवताचं पातं किंवा जुना डिव्हॉट (फटक्यानं गवत उडून पडलेला खड्डा) हेरा. आधी क्लबची खालची धार त्याला काटकोनात टेकवा, मग पाय लावा. पाय आधी लावून फेस नंतर फिरवला की ग्रिप बदलते. एक काठी चेंडूच्या बाहेर लक्ष्यरेषेवर, दुसरी टाचांच्या मागे ठेवा. बोटांपुढे काठी ठेवू नका: डावा पाय २०-३० अंश बाहेर वळवलेला असतो, त्यामुळे टाचा सरळ असूनही बोटांची रेष ओपन दिसते. नंतर क्लबचा दांडा खांद्यांवर आडवा धरून तो काठीला समांतर आहे का, हे दुसऱ्याकडून पाहून घ्या.

तिन्ही स्टान्सनं ७ आयर्नचे दहा-दहा चेंडू मारा आणि प्रत्येकाची सुटण्याची दिशा व वळण वेगवेगळं टिपून ठेवा. ड्रायव्हरच्या फेसवर खडूसारखा पावडर स्प्रे मारा. फेसच्या टाचेकडे (दांड्याच्या बाजूला) लागलेला चेंडू उजवीकडे आणि टोकाकडे लागलेला डावीकडे वळतो. तो दोष पायांच्या माथी मारला जाऊ नये.

काठ्या मात्र रेंजवरच. २०१९ पासूनच्या नियम १०.२ब नुसार फेरीत दिशा दाखवायला जमिनीवर ठेवलेली वस्तू वापरून स्टान्स घेतला की दंड लागतो: स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तेव्हा) २ फटके, मॅच प्लेमध्ये (होल मोजतात तेव्हा) तो होल गमावणं. मागे सरून वस्तू उचलली तरी तो टळत नाही. चेंडूवर आखलेली रेघ चालते.