पल्स्ड-फील्ड जेल यंत्र: सोलापूरचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

आयसीयूतल्या चार रुग्णांच्या एमआरएसएचा (औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफ जंतूचा) अँटिबायोग्राम, म्हणजे कोणतं अँटिबायोटिक चालतं याचा तक्ता, हुबेहूब जुळला, तरी चौघांत स्ट्रेन एकच आहे असं त्यावरून म्हणता येत नाही. तो निवाडा हे यंत्र चोख करतं: एन्झाइमने कापलेले डीएनएचे तुकडे दिशा बदलत्या विजेने जेलमध्ये आकारानुसार वेगळे होतात आणि स्ट्रेनचा पट्ट्यांचा ठसा दिसतो. मात्र सोलापुरात यंत्रापेक्षा जेलभोवतीचं द्रावण थंड ठेवणाऱ्या चिलरलाच जास्त जपावं लागतं.

सेटिंग नेहमीचीच: 1 टक्का जेल, 0.5 एक्स टीबीई (जेल ज्यात बुडलेला असतो तो बफर), 6 व्होल्ट प्रति सेंटिमीटर, कोन 120 अंश, पल्स 5 ते 40 सेकंद, साधारण 20 तास. यात बफर 14 अंशांवरच राहायला हवा. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा चिलर धापा टाकतो. बफर तापला की डीएनए जास्त वेगाने सरकतो, आणि त्याच प्लगचे (जंतू ज्यात बंद करून डीएनए मोकळा करतात त्या अगरोजच्या तुकड्याचे) पट्टे आधीच्या जेलशी जुळेनासे होतात. एसी खोली हवीच. लॅब यंत्रमागांच्या जवळ असेल तर चिलरच्या कंडेन्सरवर कापसाची तूस थराने बसते. ती दर आठवड्याला मऊ ब्रशने काढावी. बफरसाठी नळाचं पाणी नको, क्षारांमुळे करंट वाढतो. डिस्टिल्डच वापरावं.

दुसरी अडचण एन्झाइमची. स्टॅफसाठी लागणारा स्मा-वन हा डीएनए कापणारा एन्झाइम 25 अंशांवर काम करतो. 37 अंशांवर तो काही मिनिटांतच मंदावतो. पुस्तकातलं ‘रूम टेंपरेचर’ इथल्या उन्हाळ्यात धरून चालत नाही, थंड करता येणारा वॉटर बाथ लागतो. ई. कोलायच्या एक्सबा-वनला 37 अंश चालतात, त्यामुळे तिथे हा त्रास नाही.

जेल बिघडला की आधी प्लग तपासा, यंत्र नंतर. स्टॅफची भिंत जाड असते. ती फोडणारं लायसोस्टाफिन कमी पडलं तर डीएनए विहिरीतच (जेलमधल्या नमुन्याच्या खाचेतच) अडकून राहतो. प्रथिनं पचवणारं प्रोटिनेज के नीट धुतलं गेलं नाही तर ते स्मा-वनलाच खातं, कटाई अर्धवट होते आणि वरच्या बाजूला फिके जादा पट्टे दिसतात. म्हणून 50 अंशांवर टीई बफरने किमान चार धुण्या, घाई न करता. पेशी फार दाट घेतल्या तर पट्टे फुगतात. धुणं व्यवस्थित होऊनही एखाद्या स्ट्रेनची नुसती धूसर लेन (जेलमधली त्या नमुन्याची रांग) येत असेल, तर बफरमधल्या ट्रिस या रसायनामुळे डीएनए तुटत असण्याची शक्यता असते. बफरमध्ये 50 मायक्रोमोलर थायोयुरिया घालून बघावा. तो विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळा. एसटी398 हा स्टॅफचा वंश मात्र स्मा-वनने कापलाच जात नाही. तिथे प्लगला दोष देऊ नये.

पट्ट्यांचं वाचन टेनोव्हर आणि सहकाऱ्यांच्या 1995च्या निकषांवर: फरक शून्य तर स्ट्रेन एकच, 2-3 पट्ट्यांचा फरक म्हणजे जवळचं नातं, 4-6 म्हणजे नात्याची शक्यता, 7 किंवा जास्त म्हणजे वेगळा. हे निकष एकाच साथीतल्या थोड्या नमुन्यांसाठी आहेत, वर्षभराच्या साठ्याला लावू नयेत. साल्मोनेला ब्रेंडरुप एच9812 चा मार्कर (माहीत असलेल्या मापाच्या पट्ट्यांचा संदर्भ नमुना) कडेच्या दोन्ही लेनमध्ये आणि मधोमध ठेवला तर तिरपा गेलेला जेलही वाचता येतो.

रात्री वीज जाते, तेव्हा यूपीएसवर फक्त पॉवर मॉड्यूल आणि पंप ठेवून भागत नाही. चिलरला जनरेटर लागतोच.

पुण्या-मुंबईच्या नमुन्यांशी तुलना करायची असेल तर जिनोम सिक्वेन्सिंगकडेच वळावं. अमेरिकेच्या पल्सनेट या अन्नातून होणाऱ्या साथींवर नजर ठेवणाऱ्या प्रयोगशाळांच्या जाळ्याने 2019 मध्ये तेच केलं. पण एका रुग्णालयातल्या साथीचा माग चार दिवसांत काढायचा असेल, तर हे यंत्र अजूनही घ्यावं, चिलर मात्र एक माप मोठाच.