कॅलिफोर्नियाची रेल्वे की क्युबाचा साखर कारखाना?

१८६० च्या दशकात दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून पोटासाठी बाहेर पडलेल्यांपुढे या दोन वाटा होत्या. क्युबाला मात्र ‘निवडलं’ म्हणणंच चुकीचं. मकाव बंदरातून कित्येकांना फसवून, पळवून जहाजावर चढवलं जाई.

क्युबात आठ वर्षांचा करार, महिना ४ पेसो, अन्न-कपडे मालकाचे. ऊस तोडायचा, गाळायचा, तोही गुलामांच्या बरोबरीने आणि चाबकाच्या धाकात. करार संपला तरी सुटका नाही: पुन्हा करार करा, नाहीतर देश सोडा. १८७४ मध्ये चीनच्या आयोगाने हजारावर मजुरांच्या जबान्या घेतल्या. छळाच्या तक्रारींनी त्या भरल्या आहेत.

कॅलिफोर्नियालाही बरेच जण प्रवासाचं कर्ज काढूनच जात. पण सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचं काम सोडता येई, महिना ३० डॉलरच्या आसपास मिळत, घरी पैसे धाडता येत. जेवणाचा खर्च स्वतःचा, गोऱ्यांना मात्र फुकट जेवण. तरी टोळीचा आपला स्वयंपाकी असे, सुकी मासळी, भाज्या आणि उकळलेल्या पाण्याचा चहा मिळे. त्यामुळे पोटाचे आजार कमी. सिएरा नेवाडाच्या डोंगररांगेत मात्र ग्रॅनाइट फोडताना बोगदा दिवसाला जेमतेम फूटभर सरके. सुरुंग आणि हिमकडे यांनी अनेकांचे जीव घेतले.

जून १८६७ मध्ये हजारो चिनी मजुरांनी संप केला. कंपनीने रसद तोडून तो आठवडाभरात मोडला. माझ्या मते खरा फरक इथेच दिसतो: संप हरला, पण इथे तो उघडपणे करता तरी आला. तरीही १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं.