हेडरजवळून प्लगच्या वायरी न्यायच्या कुठून? जुन्या पिकअपसाठी वरचा रस्ता, खालचा रस्ता आणि मुंबईची हवा

जुन्या अमेरिकन पिकअपच्या व्ही-८ इंजिनावर धूर बाहेर नेणाऱ्या कास्ट आयर्नच्या मॅनिफोल्डऐवजी दर सिलिंडरला वेगळा पाइप असलेले हेडर बसवायचे ठरले, की प्लगच्या वायरी कुठून जाणार हे हेडर विकत घेण्याआधीच ठरवायला हवे. सहसा होते उलटे. हेडर येतात, बसतात, आवाज छान येतो, आणि वायरी जिथे जागा मिळेल तिथून कोंबल्या जातात. मग सायनच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अर्धा तास रांगली की एक सिलिंडर मिसिंग मारायला लागतो आणि मिस्त्री कार्बोरेटर उघडून बसतो.

हा आढावा कोणासाठी नाही ते आधी सांगतो. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडल्या. त्या काळच्या शेव्हरले ट्रकच्या सहा सिलिंडर इंजिनात प्लग आणि त्यांना आळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर एका बाजूला, तर एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला असतो. कुर्ल्याच्या प्रीमियरने जोडलेल्या डॉज-फार्गोच्या फ्लॅटहेड सिक्समध्ये प्लग थेट हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, माथ्यावर. तुमच्याकडे यांपैकी मूळ इंजिन असेल तर वायरी आणि एक्झॉस्ट यांची गाठ पडतच नाही. खरी अडचण आहे ती शेव्हरलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ ची. १९५५ साली आलेल्या या इंजिनात प्लग एक्झॉस्ट पोर्टच्या खालच्या अंगाला बसतात, म्हणजे हेडरच्या पायपांच्या बरोबर कुशीत. पुढचे सगळे याच इंजिनाला धरून लिहिले आहे.

आधी उष्णतेचा हिशेब

चांगल्या सिलिकॉन वायरीचे वरचे आवरण साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. हेडरचा पाइप जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा असतो. भार पडला की त्याचा पृष्ठभाग ३००-४०० अंशांच्या पुढे सहज जातो. कास्ट आयर्नचा मॅनिफोल्ड जाड असतो, तो सावकाश तापतो. शिवाय कंपनीने वायरींसाठी त्याच्याभोवती जागा सोडलेली असते. हेडर विकणारा तशी जागा सोडेलच असे नाही.

मुंबईत यात एक भर पडते. धावत्या गाडीत हवा खेळती असते. सिग्नलला उभ्या गाडीत नसते. सगळ्यात वाईट वेळ इंजिन बंद केल्यानंतरची: पंखा थांबतो, पाणी फिरायचे थांबते आणि हेडरमधली साठलेली उष्णता बॉनेटखाली कोंडते. खंडाळ्याचा घाट चढून चहाला थांबलात तर त्या दहा-पंधरा मिनिटांत प्लगच्या टोप्या (वायरीच्या टोकाची, प्लगवर बसणारी आवरणे) जेवढ्या भाजतात तेवढ्या चालत्या गाडीत भाजत नाहीत.

भाजलेली टोपी ओळखायला शिका. आधी ती कडक होते, नखाने दाबली तर दबत नाही. मग कडेला फिकट पांढरट कड दिसते आणि बारीक चिरा गोलाकार फिरतात. टोपी उलटी करून आत टॉर्च मारा. आतल्या भिंतीवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली, तर करंट तिथून हेडला उडी मारतोय. ती टोपी पुसून परत बसवण्यात अर्थ नाही, कारण रेघ कार्बनची असते आणि करंटला तयार वाट मिळालेली असते.

वरचा रस्ता

डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागे. तिथून वायरी व्हॉल्व्ह कव्हरवरून पुढे न्यायच्या आणि प्रत्येक प्लगसमोर आल्यावर दोन पायपांच्या मधून खाली सोडायच्या. व्हॉल्व्ह कव्हर तापते, पण सिलिकॉनला त्रास होईल इतके नाही. धोका फक्त शेवटच्या वीतभर टप्प्यात असतो, जिथे वायर पायपांमधून उतरते. म्हणजे काळजी कुठे घ्यायची ते नेमके माहीत असते.

या रस्त्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे सगळे डोळ्यांसमोर राहते. बॉनेट उघडले की कुठली वायर कुठे टेकली ते दिसते, रस्त्याच्या कडेला उभे राहूनही बदलता येते. तोटे दोन. टॅपेट सेट करायला कव्हर काढायचे तर वायरी आधी बाजूला कराव्या लागतात. आणि दिसायला गर्दी वाटते. हॉर्निमन सर्कलच्या रॅलीला गाडी नेणाऱ्यांना हे खटकते, आणि ते खटकणे मी समजू शकतो. स्वच्छ इंजिन बघायला सुंदरच असते.

खालचा रस्ता

शेव्हरलेने कित्येक मॉडेलांत स्वतः हाच रस्ता घेतला होता. वायरी हेडच्या मागून खाली उतरतात, ब्लॉकच्या कडेने ब्रॅकेटमधून पुढे जातात आणि प्रत्येक प्लगला खालून वर येऊन भेटतात. उष्णता वर जाते, त्यामुळे उभ्या गाडीत पायपांच्या खाली तुलनेने गार असते. ब्रॅकेट मूळचे असतील आणि मॅनिफोल्डही कास्ट आयर्नचाच असेल, तर हा रस्ता फार चांगला. इंजिन मोकळे दिसते, वायरी लपतात.

पण हेडर लावले की हिशेब बदलतो. लांब पायपांचे हेडर खाली ब्लॉकच्या अगदी जवळून जातात आणि मूळ ब्रॅकेटची जागाच खातात. ब्लॉकला चिकटून जाणारे आखूड हेडर घेतले, तर प्लगच्या टोपीलाच जागा उरत नाही. त्यात आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची. अमेरिकेतली बहुतेक माहिती डाव्या स्टिअरिंगला धरून असते, तिथे गर्दी डाव्या बँकेत, म्हणजे डाव्या बाजूच्या चार सिलिंडरच्या रांगेत. आपल्याकडे स्टिअरिंगचा दांडा आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर उजवीकडे, स्टार्टर उजवीकडे खाली, आणि या इंजिनाचा मूळ फ्युएल पंपही उजवीकडे पुढे. त्या खबदाडातून आणखी चार वायरी खालून न्यायच्या म्हणजे एक बदलायची झाली तरी गाडी वर उचलायची.

पावसाळ्याचा विचार वेगळा. जुनी गाडी कोणी मुद्दाम पावसात काढत नाही, पण जूनमध्ये एखादी सर अचानक गाठते आणि हिंदमाताजवळ पाणी साचलेले असते. इंजिनावरचा पंखा ते पाणी उचलून मागे ब्लॉकभर उडवतो. खालच्या वायरींना ते आधी लागते. तिथे तेलाचा थर असतोच, त्यावर चिखल बसतो, आणि ओल्या चिखलातून हजारो व्होल्टना ब्लॉककडे जायला सोपी वाट मिळते.

मधला रस्ता

म्हणजे सरळ रेषेत, पायपांच्या मधूनच, सगळ्यात आखूड वायर. घेऊ नका. एवढेच.

पाच आणि सात

रस्ता कोणताही घ्या, ही गोष्ट चुकवू नका. स्मॉल ब्लॉकचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. क्रिसलरच्या ३१८ व्ही-८ इंजिनाचाही हाच. यात पाच आणि सात नंबर पाठोपाठ फायर होतात आणि दोन्ही डाव्या बँकेत शेजारी-शेजारी आहेत. त्यांच्या वायरी लांबवर समांतर आणि चिकटून गेल्या, तर पाचच्या करंटमुळे सातच्या वायरीत करंट उतरू शकतो. सातचा पिस्टन त्या वेळी दाब तयार करत वर येत असतो, आणि ठिणगी पडते ९० अंश आधी. बाहेरून तो आवाज साध्या नॉकिंगसारखा वाटतो, म्हणून लोक टायमिंग मागे घेत राहतात. फोर्डच्या जुन्या ३०२ व्ही-८ इंजिनात ऑर्डर १-५-४-२-६-३-७-८ आहे, तिथे हीच जोडी सात आणि आठची.

उपाय सोपा: या दोन वायरी एकाच क्लिपमध्ये शेजारी ठेवू नका, मध्ये दुसरी वायर येऊ द्या. एकमेकींना ओलांडायचे असेल तर काटकोनात ओलांडा. वरच्या रस्त्यात हे सहज जमते. खाली सगळ्या एका जुडग्यात बांधलेल्या असतात, तिथे जास्त जपावे लागते.

टोपी सरळ की वाकडी

शेवटच्या वीतभराचा निकाल इथे लागतो. सरळ टोपी पायपांच्या मधून निघते आणि वायर बाहेरच्या बाजूला खूप पुढे येते. ९० अंशांची टोपी जागा वाचवते, पण वाकल्यावर वायर नेमकी शेजारच्या पायपाला टेकण्याची शक्यता असते. वरून येणाऱ्या वायरीला बहुतेक हेडरवर १३५ अंशांची टोपी सगळ्यात सोयीची पडते. आठही टोप्या एकाच कोनाच्या असाव्यात असा हट्ट नको. एखाद्या प्लगला वेगळी लागत असेल तर लावावी.

प्लगकडेही बघा. जुन्या हेडमध्ये वॉशरवाले, २१ नंबरच्या पान्याचे प्लग असतात. नंतरच्या हेडमध्ये निमुळत्या बैठकीचे, १६ नंबरचे. दुसरे बारीक असल्याने जागा जास्त मिळते, पण एका प्रकारच्या हेडमध्ये दुसऱ्या प्रकारचा प्लग चालत नाही, बैठकच बसत नाही. वॉशरवाल्या हेडसाठी आखूड अंगाचे प्लग मिळतात, ते हेडरसोबत उपयोगी पडतात.

स्लीव्ह, सिरॅमिक टोपी, रॅप

तिघांतली सिरॅमिक टोपी मला पसंत. उष्णतेचा तिला काहीच फरक पडत नाही. फक्त ती ठिसूळ असते. पाना निसटून आदळला की तडा जातो आणि तो तडा लगेच दिसत नाही. शिवाय ती वाकत नाही, म्हणून मोजमाप अचूक हवे.

काचेच्या तंतूंची उष्णतारोधक स्लीव्ह साधारण ५०० अंशांपर्यंतची मिळते. जवळून येणारी धग ती छान अडवते. मात्र वायर पायपाला टेकलेलीच असेल तर स्लीव्ह फक्त वेळ लांबवते, उष्णता शेवटी आत पोहोचतेच. इथे एक सावधगिरी: लोहार चाळीत मोटर वाइंडिंगसाठी मिळणारी स्लीव्ह दिसायला बरीचशी अशीच असते. ती १५५ किंवा १८० अंशांच्या वर्गातली असते. हेडरजवळ ती करपते. विकणारा ‘साहेब, हीटप्रूफच आहे’ म्हणेल, आणि मोटरच्या हिशेबाने तो बरोबरही असेल. अंश विचारूनच घ्या.

हेडरलाच गुंडाळायची पट्टी म्हणजे रॅप मी मुंबईत सुचवणार नाही. ती दमट, खारी हवा धरून ठेवते आणि साध्या लोखंडाचे पाइप पट्टीच्या आड गंजतात. धग कमी करायचीच असेल तर सिरॅमिक कोटिंग केलेले हेडर घ्या.

वायर घेताना

जुन्या पॉइंटवाल्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला खळगे असतात आणि सत्तरच्या दशकातल्या जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या कॅपला वर आलेले खुंट. वायरीची टोके दोन्हीकडे वेगळी लागतात. हे न बघता सेट मागवला तर तो तसाच पडून राहतो. जाडी ८ मिलिमीटर पुरते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर आत नुसती तांब्याची तार नको, तिच्यामुळे होणाऱ्या व्यत्ययाचा त्रास इग्निशनलाही होतो आणि रेडिओलाही. गुंडाळलेल्या तारेचा गाभा सगळ्यात टिकाऊ. टोके न लावलेला सेट घ्या, हेडर बसल्यावर सुतळी धरून प्रत्येक प्लगचा रस्ता आखा, आणि सुतळीच्या मापावर वायर कापा. तयार सेटची लांबी डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला धरून असते.

मग काय निवडावे

गाडी मूळ रूपात ठेवायची असेल आणि ५० वर्षांवरच्या गाड्यांच्या ‘व्हीए’ नोंदणीचा विचार असेल, तर कास्ट आयर्नचा मॅनिफोल्ड, मूळ ब्रॅकेट आणि खालचा रस्ता. २०२१ च्या नियमांत इंजिन, चासी आणि बॉडीत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. हेडर बोल्टने बसतात आणि तसेच निघतात, पण मूळ मॅनिफोल्ड कुर्ल्याच्या भंगारात देऊ नका, तेल लावून ठेवा.

हेडर हवेच असतील तर उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला दोन्ही बाजूंनी वरचा रस्ता, १३५ अंशांच्या टोप्या आणि जिथे पाइप जवळ आहे तिथे सिरॅमिक टोपी. डावी बँक मोकळी असते म्हणून तिथे खालून आणि उजवीकडे वरून, असाही मेळ काही जण घालतात. चालतो तो, पण पाच-सातची जोडी नेमकी त्या डाव्या बाजूलाच आहे, म्हणून मी तसे करणार नाही.

वायर आणि पाइप यांच्यात किमान २५ मिलिमीटर अंतर ठेवा. क्लिपा इंजिनावरच लावा, फायरवॉलवर किंवा मडगार्डवर नाही. इंजिन रबर माउंटवर हलते आणि बॉडीला बांधलेली वायर प्रत्येक गिअरला ताणली जाते. टोपीच्या आत थोडे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, म्हणजे काढताना ती फाटत नाही आणि दमटपणाही आत शिरत नाही.

काम झाल्यावर रात्री दिवे बंद करून बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि स्प्रेच्या बाटलीने वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. हात लांब ठेवा. निळी ठिणगी दिसली तर ती जागा लक्षात ठेवा, इंजिन बंद करून तिथे खडूने खूण करा आणि वायर हलवा. नव्या हेडरचे बोल्ट काही वेळा गरम-थंड झाल्यावर सैल पडतात आणि पुन्हा कसावे लागतात. त्याच वेळी प्रत्येक टोपी बोटांनी दाबून बघा आणि अंतर परत मोजा, कारण बोल्ट कसताना पाइपही थोडा सरकतो.