‘हाईट किट’चा रिव्ह्यू: रॉड एकवेळ ठीक, बाकी सगळं धोक्याचं

उंची वाढवायचं, ‘सात दिवसात 1 सेमी’ची गॅरंटी देणारं हे किट मागवलं भावाने, वय 19, पोलीस भरतीची तयारी चालूय. पैसे माझ्या खात्यातून गेले म्हणून रिव्ह्यू मी लिहितेय. कंपनीचं नाव टाकत नाही, हाच माल ऑनलाईन चार वेगवेगळ्या नावांनी दिसतोय, फोटो बघितले की ओळखाल. बॉक्समध्ये येतं काय तर पावडरचा डबा, दाराच्या चौकटीत फिरवून घट्ट बसवायचा रॉड, पायाला बांधायचे वाळू भरलेले पट्टे, मानेत अडकवून दारावरून लटकायचा एक बेल्ट, आणि एक माहितीपत्रक.

मला सगळ्यात भारी वाटलं ते माहितीपत्रक. त्यात लिहिलंय, किट सुरू करायच्या आदल्या रात्री झोपताना उंची मोजून लिहून ठेवा आणि मग सातव्या दिवशी ‘सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातून थेट भिंतीपाशी जाऊन’ मोजा. आता यात मेख काय ते सांगते. दिवसभर आपण उभे असतो, बसतो, त्याने मणक्यांमधल्या गाद्या दबतात, रात्री आडवं पडलं की त्या परत पाणी धरतात, त्यामुळे कुणाचीही उंची सकाळी संध्याकाळपेक्षा साधारण 1 ते 2 सेमी जास्तच भरते. मी भावाला म्हणलं तू काही करू नको, नुसता जेवून झोप, आणि दोन्ही वेळेला मीच मोजलं, टाचा आणि पाठ भिंतीला, नजर समोर, डोक्यावर जाड पुस्तक भिंतीला काटकोनात धरून. रात्री 164.3, सकाळी 165.4. म्हणजे पावडरचा डबा फोडायच्या आधीच ‘सात दिवसात 1 सेमी’ची गॅरंटी पूर्ण झाली ना भाऊ! झोपेत फुकट मिळणारा सेंटीमीटर हे लोक अडीच हजाराला विकतायत, बाकी काही नाही.

आता पोरं याच्या मागे का लागतात तेही बघा. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना किमान 165 सेमी लागते, आणि 164 वाल्याला गावात कुणीतरी सांगतंच की अमक्याने लटकून वाढवली. लटकल्याने गाद्या थोडा वेळ मोकळ्या होतात हे खरंय पण उभं राहून फिरायला लागलात की गेलं परत. अंतराळवीरांची उंची तिकडे वजन नसल्यामुळे 3 टक्क्यांपर्यंत वाढते असं नासावाले सांगतात, त्यांचीसुद्धा पृथ्वीवर आल्यावर उतरते तर आपल्या चौकटीतल्या रॉडचं काय घेऊन बसलात.

खरी उंची वाढते ती मुख्यतः पायाच्या लांब हाडांच्या टोकाला जी वाढीची कूर्चा (मऊ हाड) असते तिथून. वयात आल्यावर ती हळूहळू हाड होऊन बंद होते, मुलींची साधारण 14 ते 16 च्या दरम्यान, मुलांची 16 ते 18, थोडं मागेपुढे. एकदा बंद झाली की पावडर, दोरीवरच्या उड्या, बास्केटबॉल कशानेही उघडत नाही. डाव्या हाताचा मनगटासकट एक्स-रे काढला की डॉक्टरांना हाडांचं वय कळतं, त्याचा खर्च या किटपेक्षा कितीतरी कमी आहे. भावाचा काढला, कूर्चा बंद. विषय संपला.

पण डॉक्टरकडे जायची वेळ कशी आली ते ऐका. पत्रकात ‘ॲडव्हान्स लेव्हल’ म्हणून वाळूचे पट्टे पायाला बांधून रॉडला लटकायला सांगितलंय. आई रोज ओरडायची, ‘वटवाघळासारखा लटकतोस काय मेल्या, चौकट उखडेल.’ चौकट नाही उखडली, रॉडच सरकला. तो फक्त दाबून बसतो, आमच्या चौकटीला ऑइलपेंट आहे, त्यावर रबराची टोपी किती धरणार. पायाला वजन बांधलेलं त्यामुळे याला पाय आवरता आले नाहीत आणि थेट माकडहाडावर आपटला. फ्रॅक्चर नाही निघालं, पण बसायला उशी लागते आणि 1600 मीटरची प्रॅक्टिस, गोळाफेक सगळं बंद. उंचीसाठी ग्राऊंडच्या (मैदानी चाचणीच्या) मार्कांवर पाणी.

मानेचा बेल्ट तर मी त्याला हातच लावू दिला नाही. फिजिओकडे मानेला ट्रॅक्शन म्हणजे ताण देतात ते ठरवून, मोजून, काही किलोचं, आणि समोर माणूस उभा असतो. इथे अख्ख्या अंगाचा भार हनुवटीवर आणि मानेवर, पाय घसरला की गळफासच की. नस दबून हाताला मुंग्या येणं वगैरे तर त्याआधीच. उलटं लटकायचं पण एक चित्र दिलंय, त्याने बीपी आणि डोळ्यातलं प्रेशर वाढतं, काचबिंदूवाल्यांनी आणि बीपीवाल्यांनी तर लांबच राहावं. पत्रकात याबद्दल एक ओळ नाही.

पावडर: लेबलवर पहिली साखर, मग दूध पावडर, मग अश्वगंधा, शतावरी. चव चॉकलेटची, गोड मिट्ट. ही निदान लेबलवाली तरी आहे, जिममध्ये जे बिनलेबलचं मिळतं त्यात स्टेरॉईड असलं तर वाढत्या वयातल्या मुलाची कूर्चा उलट लवकर बंद होते, म्हणजे जी दोन इंच वाढणार होती तीही गेली. आणि ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन मोठेपणी स्वतःच्या मनाने घेतलं तर उंची वाढत नाहीच, हात, पंजे, जबडा मोठा होतो, साखर बिघडते. लहान मुलाला खरंच गरज असेल तर तेच औषध डॉक्टर तपासण्या करून देतात. चार वर्षांनंतरचं मूल वर्षाला 5 सेमीपेक्षा कमी वाढत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, तेव्हा दाखवण्यात अर्थ आहे, विशीत नाही.

कुणीतरी विचारेलच म्हणून सांगते, ऑपरेशनने हाड लांब करता येतं. सोव्हिएत डॉक्टर इलिझारोव्ह यांची पद्धत, हाड कापून बाहेरून रिंगा लावतात आणि दिवसाला 1 मिमी असं फाकवत नेतात, महिनोन्महिने. पायात मोठा फरक असलेल्यांसाठी ते वरदान आहे. हौसेसाठी करायचं ते नाही.

आता रिफंड. ‘7 दिवसात परत घेऊ’ असं वेबसाईटवर, आणि बॉक्सच्या आत चिठ्ठी की निदान 90 दिवस वापरल्याशिवाय तक्रार चालणार नाही. मग परत कधी करायचं? कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, ‘ताई, दादांनी कोर्स पूर्ण केलाय का?’ मी म्हणलं दादा आडवे आहेत. फोन ठेवला तिने.

उंची वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करायलाच 1954 च्या जादुई उपायांच्या कायद्यात बंदी आहे, म्हणून डब्यावर ‘फूड सप्लिमेंट’ लिहितात. एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) नंबर बघून भुलू नका, तो खाण्याच्या धंद्याचा परवाना असतो, उंची वाढते याचं सर्टिफिकेट नाही. ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार टाकलीय.

रॉड मी ठेवला. मिस्त्रीला बोलावून दोन्हीकडे फास्टनर मारून घेतले, उशी सुटली की भाऊ पुलअप्स मारेल, खांद्याला चांगलं. बेल्ट कात्रीने कापून टाकला. नुसता रॉडच हवा असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून जीआय पाईप आणा, तीन-चारशेत काम होतं. आणि हो, भरतीच्या मापाला शक्यतो सकाळी लवकर नंबर लावा, रात्री नीट झोपा, तो सेंटीमीटर तुमचा हक्काचा आहे.